हौदातलं हिरवं पाणी

मामाच्या गावाला जाताना तुम्ही काय नेता? खाऊ, नवे कपडे, पत्त्यांचा जोड. २०१६ सालच्या मे महिन्यात मी नांदेडहून लातूरला माझ्या मामांकडे निघाले, तेव्हा माझ्याजवळ पाण्याचे दोन कॅन होते! आजीनं फोनवर बजावलंच होतं, "बाई, बाकी काही आणू नको. पाणी आण." लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी निघाली आणि मी ते कॅन पायांशी धरून बसले. गाडीत कुणीही मला हसलं नाही.

तो उन्हाळाच तसा होता. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये तर शहराला चक्क रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत पाण्याचे १० डबे होते, एकेका डब्यात सुमारे ५० हजार लिटर. करा बरं गुणाकार!

मामांच्या परसात एक मोठा दगडी हौद आहे. लहानपणी आम्ही त्याला समुद्र म्हणायचो. मे महिन्याची दुपार त्यातच जायची, बोटांची कातडी सुरकुतेपर्यंत. त्या दिवशी मात्र आत डोकावले आणि दचकले. पाणी कसलं, पालकाचं पातळ वरणच ते! पुढचा टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून मामांनी आधीचं पाणी हौदात साठवून ठेवलं होतं. तीन आठवडे उन्हात उघडं राहून ते हिरवंगार झालं होतं.

मामा म्हणाले, "लिंबाच्या झाडाला सोडून देतो झालं."

ओट्यावरून आजी कडाडली, "पाणी फेकून द्यायलास व्हय रे? ह्या दिवसात?"

मामा गप्प बसले. मामांची नात छकुली तेव्हा सातवीत होती. ती टेप घेऊनच आली. हौद ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर. म्हणजे ३ घनमीटर, म्हणजेच ३ हजार लिटर. हिरवं असलं तरी पाणीच की ते!

मग मी पुढे सरसावले. शिकलेली आत्या ना मी! विहिरीच्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला १ हजार लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर लागते, हे मला ठाऊक होतं. म्हणजे आपल्याला साडेसात ग्रॅम. बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळी भर दुपारी हौदात ओतली. (हे काम मोठ्यांनीच करायचं बरं का, तोंडाला फडकं बांधून. आणि ती पावडर संडास धुण्याच्या ॲसिडजवळसुद्धा न्यायची नाही, विषारी वायू निघतो.)

दुसऱ्या दिवशी पाणी तस्संच हिरवं! छकुलीनं काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात ओ.टी.चे थेंब टाकले. तिच्या विज्ञान प्रदर्शनाच्या पेटीत ती बाटली होती. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर या थेंबांनी पिवळा रंग येतो. (आता बऱ्याच ठिकाणी डीपीडी नावाचं रसायन वापरतात, त्यानं गुलाबी रंग येतो.) आमच्या नळीत काहीच आलं नाही. सगळं क्लोरीन गेलं कुठं?

दोन चोर होते. एक शेवाळ. हिरवा रंग म्हणजे डोळ्यांना सुटे न दिसणारे शेवाळाचे कोट्यवधी कण. पावडरीतलं क्लोरीन त्यांच्याशी झगडण्यातच संपलं. दुसरा चोर सूर्य! कडक उन्हात पाण्यातलं क्लोरीन काही तासांत उडून जातं. आणि मी मुहूर्त काढला होता दुपारी बाराचा.

मग नीट कामाला लागलो. जुन्या साडीच्या पदरानं वरचा तवंग गाळला. हौदाच्या भिंती काथ्यानं घासल्या. दिवस मावळल्यावर पाचपट पावडरीची निवळी ओतली. सकाळी पाणी हिरवं नव्हतं, राखेसारखं करडं होतं. शेवाळ मेलं होतं, पण तरंगत होतं. आजीनं तुरटीचा खडा काढून दिला. शंभरेक ग्रॅम तुरटी विरघळवून ओतली, आधी जोरात ढवळली, मग अगदी हळूहळू. तुरटीमुळे बारीक कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. "आता कुणी हौदाला हातसुद्धा लावायचा नाही," असा आजीचा हुकूम सुटला.

तिसऱ्या दिवशी हौदाचा तळ दिसला! दगडांमधल्या फटीसुद्धा मोजता येत होत्या. काय आनंद झाला म्हणून सांगू! आजी म्हणाली, "आण गं तांब्याभर, बघू तरी." मी तांब्या बुडवला. तेवढ्यात छकुली ओरडली, "आत्या, पणजीला नको देऊ! बाटली कुठं लावलीय अजून?"

तिच्या पेटीत एक छोटी बाटली होती. आत औषधात भिजवलेला कागद. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू पाण्यात असले, तर त्यांच्यासोबतचे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि बाटली काळी पडते. ही सोपी परीक्षा आपल्याच देशातली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती जगापुढे मांडली.

मला हसूच आलं. "अगं, आरशासारखं पाणी आहे!" असं म्हणून मी तो तांब्या स्वतःच रिकामा केला. छकुलीनं शांतपणे बाटली भरून कोनाड्यात ठेवली.

बाटलीचा निकाल लागायच्या आत माझ्या पोटानंच निकाल दिला. रात्रभर संडासच्या वाऱ्या, आणि उशाशी उकळलेल्या पाण्यात केलेलं मीठ-साखरेचं पाणी. सकाळी छकुलीनं बाटली दाखवली. शाईसारखी काळी! ओट्यावर बसलेल्या आजीकडे माझं लक्ष गेलं. तिचं वय तेव्हा ८४. तो तांब्या तिनं घेतला असता तर?

लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची मोठी साथ आली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हापशाच्या पाण्यातून ती पसरली, हे डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखवून दिलं. एका बाईंना त्या पाण्याची चव इतकी आवडायची की दूर राहायला गेल्यावरही त्या ते पाणी मुद्दाम मागवून प्यायच्या. त्या साथीत त्या गेल्या.

आमच्या हौदात जंतू कुठून आले? छकुलीनं दुपारभर खिडकीत बसून शोध लावला. गावात पाणी नाही, त्यामुळे साऱ्या आळीतले कावळे आणि साळुंक्या आमच्याच हौदावर आंघोळीला! आणि नुसती आंघोळच करत नव्हते ते.

मग नळीनं वरचं निवळ पाणी पिंपांत काढलं, तळाचा गाळ लिंबाला घातला. पिंपांत पुन्हा बेताची पावडर. अर्ध्या तासानं नळीत फिकट पिवळा रंग आला. दुसरी बाटली दोन दिवस ठेवली, ती काळी पडली नाही. तरी प्यायचं पाणी आजी उकळूनच घ्यायची, बाकी धुणं-भांडी त्यावरच झाली. हौदावर मामांनी पत्रा टाकला.

त्याच पावसाळ्यात मांजरा धरणात पुन्हा पाणी आलं. पण आम्ही पत्रा टाकला त्या दिवशी कावळे कठड्यावर येऊन नुसते कावकाव करत होते. आजीनं लिंबाखाली मातीचं परळ ठेवलं आणि तिच्या वाटणीतला एक तांब्या त्यात ओतला. छकुली म्हणाली, "पणजी, रोज बदलावं लागेल हं हे पाणी. नाहीतर तेही हिरवं होईल."

"मग बदल की," आजी म्हणाली. "मी काय नको म्हणायले का?"