वजनकाटा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधले सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीला होतो. तिथले बर्फ, मॉल आणि नायगारा यांच्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लिहून झाले आहे, तेव्हा त्यात मी भर घालत नाही. आज फुटबॉलबद्दल लिहितो. हसू नका! आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला फुटबॉलमधले काय कळते, असे सौ.नेही विचारून झाले आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. त्याला तिकडे सॉकर म्हणतात. यांचा चेंडू नारळासारखा लांबट, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा-अकरा जणांचे दोन संघ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांना. काही जण चेंडू घेऊन पळतात आणि धिप्पाड गडी पुढे भिंतीसारखे उभे राहून त्यांना वाट करून देतात. पळणाऱ्याचे नाव होते, भिंतीला कोणी विचारत नाही.

आमचा नातू अकरा वर्षांचा. अंगाने आमच्या घराण्यावर गेला आहे, म्हणजे भरलेला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या गावच्या संघाची वजने व्हायची होती. मोठी मुले लहानांच्या अंगावर आदळून इजा होऊ नये म्हणून तिकडे मुलांच्या फुटबॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी वयाबरोबर वजनही पाहतात. यांच्या संघात नियम असा, की १२० पौंडांच्या वर वजन भरले तर मुलाने खेळायचे, पण चेंडू घेऊन पळायचे नाही. अशा मुलाच्या हेल्मेटवर पट्टी चिकटवतात, पंचांना लांबून कळावे म्हणून. नातू भरत होता १२३ पौंड, म्हणजे साधारण ५६ किलो.

एक दिवस दुपारी खिडकीतून पाहतो, तर हा पोरगा भर उन्हात जाड स्वेटर घालून अंगणात पळतो आहे. तोंड लालबुंद. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो, तर म्हणतो, "नको आजोबा, पाण्याने वजन वाढतं."

माझे हातपायच गळाले. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. नुसते ऐकले नव्हते, मीच ते एका मुलाला शिकवले होते.

सन १९८४. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी मी शिक्षक होतो. पी.टी.चे सर बदलून गेले आणि कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात पडला. तालुक्याला ५० किलो वजनी गटाचे सामने होते. माझ्या संघात नववीतला एक दणकट मुलगा होता. सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याची पकड अशी, की सापडलेला गडी सुटायचा नाही. फक्त वजन दीड किलो जास्त. मी त्याला दोन दिवस उपाशीपोटी, स्वेटर घालून पळवला. पाणी बंद. पोरगा ओठ चाटत पळायचा, पण एका शब्दाने बोलला नाही. गुरुजींनी सांगितले म्हणजे सांगितले!

सामन्याच्या सकाळी धान्याच्या मोठ्या काट्यावर वजने झाली. शर्ट काढला, बनियन काढले, तरी अर्धा किलो जास्तच. चारशे माणसांसमोर तो नुसत्या चड्डीवर उभा, आणि लोक हसत होते. मी त्याला काय म्हणालो असेन? "जा, पोरांचे कपडे आणि चपला सांभाळ." तो दिवसभर चपला सांभाळत बसला. आम्ही जिंकलो. फोटो निघाला, त्यात तो नाही. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आलाच नाही. घरच्यांना शेतावर हवा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्याचे घर शाळेपासून वीस मिनिटांवर होते. मी गेलो नाही.

हे सगळे त्या रात्री जेवताना मी लेकीला आणि जावयांना सांगितले. इतक्या वर्षांत सौ.लाही सांगितले नव्हते. जावई बराच वेळ गप्प होते. स्वेटरची कल्पना त्यांचीच होती. मग म्हणाले, "बाबा, याच्यासारखी आणखी मुलं आहेत गावात. त्यांच्यासाठीच काहीतरी सुरू केलं तर?"

बोलणे सोपे, करणे किती किचकट ते मी पाहिले. मैदानासाठी गावच्या कार्यालयात अर्ज, मुलांचा विमा, शिकवणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणी, डोक्याला मार लागल्याची लक्षणे कशी ओळखायची याचे शिक्षण. या डोक्याच्या दुखापतीबद्दल वॉशिंग्टन राज्याने २००९ साली कायदा केला आणि २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत तसे कायदे झाले. मार लागल्याचा संशय आला की मुलाला बाहेर काढायचे, आणि जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवायचे नाही. आपल्याकडे आम्ही हळद लावून परत आत पाठवत होतो!

लेकीने मात्र आदळाआपटीच्या खेळाला साफ नकार दिला. म्हणून पट्ट्यांचा फुटबॉल ठरला. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लोंबतात, फीत ओढली की गडी पकडला. पाच-पाच जणांचे संघ, ना हेल्मेट ना धडका. हाच प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही घेतला आहे. अशा खेळात वजनाचे बंधन लागत नाही, पण तिथे चपळ मुले वाऱ्यासारखी पळतात आणि जाड मुलाच्या वाट्याला चेंडू येतच नाही. म्हणून आमचा एकच जादा नियम: प्रत्येक सामन्यात प्रत्येकाने चेंडू घेऊन पळायचेच.

एका आईने मात्र नेमके बोट ठेवले. म्हणाली, "माझ्या मुलाला जाड्यांच्या टीममध्ये का घालू?" मला आमच्या शाळेतली 'ड' तुकडी आठवली. वेगळे बसवले की मुलांचे भले होते असे आम्हीही म्हणायचो, आणि त्या मुलांना अख्खी शाळा 'ढ' म्हणायची. तिचे खरेच होते. मग कागदावरून 'मोठ्या अंगाची मुले' हे शब्द काढले. कोणीही यावे, वजनकाटा नाही, एवढेच लिहिले. पहिल्या शनिवारी तेरा मुले आली. त्यात दोन अगदी काडीपैलवान, मित्रांसोबत आलेली. बरे झाले.

पट्टे निम्म्या मुलांना बसेनात. पोरे पोट आत ओढून पट्टा लावायची धडपड करू लागली, आणि नातू तर घरी जाऊ या म्हणायला लागला. सौ.ने सगळे पट्टे घरी आणले आणि रात्रीत जोड शिवून दिले. लहान मुलांनाही तेच पट्टे दिले, म्हणजे कोणाचा मोठा ते कळायलाच नको. मास्तर मी असलो तरी डोके तिचे.

माझ्याकडे काम आले पाण्याचे. मी मागूनच घेतले. भरल्या अंगाच्या मुलांना उन्हाचा त्रास लवकर होतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून पाणी. "आजोबा, वॉटर!" अशी हाक आली की मी डबा घेऊन हजर. एवढ्या वर्षांच्या नोकरीत याहून मोठे काम मी केले की नाही, शंकाच आहे.

ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात नातवाच्या हाती चेंडू आला. आठ-दहा यार्ड पळाला असेल, मग एका मुलीने त्याची फीत ओढली. गुण वगैरे काही मिळाला नाही. पण तो चेंडू पोटाशी धरून तसाच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, पाहिलंत?" मी म्हटले, "पाहिलं रे बाबा. आधी पाणी पी."

परत आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांकडून पैलवानाचा नंबर मिळवला. आता तो पंचावन्नचा आहे. शेती आणि पिठाची गिरणी. फोनवर आवाज ओळखला त्याने. मी सगळे बोललो, माफीही मागितली. तो हसला. "कशाला सर, माझी पोरगी तालुक्याला कबड्डी खेळली की!" म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, "फक्त त्या दिवशी तहान लई लागली होती बघा, सर."

मला पुढे बोलता आले नाही. घरी या म्हणाला आहे. एस.टी.ने दीड तासाचा रस्ता आहे. येत्या रविवारी जाणार आहे.

असो. आपल्यापैकी कोणाच्या नातवंडांना खेळायला पाठवत असाल, तर जिंकले का हे जरा उशिरा विचारा. आधी पाणी मिळाले का ते विचारा.