चिमटा पोटाला नको, नासाडीला हवा

काटकसर कशी करावी हे आपल्या वस्तीतल्या आयाबहिणींना कुणी शिकवायची गरज नाही. रोजंदारीच्या पैशात महिना काढणारी बाई हिशेब कोळून प्यालेली असते. दुखणे वेगळेच आहे. आपली काटकसर बहुतेक वेळा पोटातून होते. पैसे कमी पडले की आधी पोरांचे दूध तुटते, मग आईचे जेवण. विजेचे बिल मात्र तेवढेच येते. म्हणून आम्ही घरात एक नियम केला : अन्न, औषध आणि पोरांच्या वह्या यांना हात लावायचा नाही. जे फुकट वाहते, जळते, फेकले जाते, तेवढेच अडवायचे.

आमच्या बोदवडला पहिला हिशेब पाण्याचा. तापी आणि पूर्णा जिल्ह्यातल्याच, पण आमच्या गावापासून दूर. उन्हाळ्यात नळाची वाट दिवस मोजून पाहावी लागते. नळ आला नाही तर पाणी विकत घ्या, नाहीतर हंडा उचला. हंडा बहुधा मुलीच्याच डोक्यावर येतो आणि तिची शाळा बुडते. वाया गेलेल्या पाण्याची किंमत ती आपल्या हजेरीतून भरते. ठिबकणाऱ्या नळाखाली आम्ही एका रात्री बादली ठेवली, सकाळी ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती. नळाचे वायसर थोडक्या पैशात मिळते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी आम्ही कढीपत्त्याला घालतो, कपड्यांचे शेवटचे पाणी संडासाला वापरतो. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हळीखाली ड्रम ठेवतो. पहिला पाऊस सोडून दिला की पुढचे पाणी धुण्याला उत्तम.

दुसरा हिशेब विजेचा. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून वीज तयार होते. आपण वाचवलेल्या युनिटामागे तिथला कोळसा आणि धूर तेवढा वाचतो. साठ वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास जळला तर महिन्याला ९ युनिट लागतात. ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. झिरोचा जुना बल्ब नावालाच झिरो, तो बारा-पंधरा वॅट खातो. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पंखा सोळा-सोळा तास फिरतो, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. नवा बीएलडीसी पंखा तिसेक वॅटमध्ये चालतो, त्याला पंधरा युनिटही लागत नाहीत. तो महाग आहे. तेव्हा चालता पंखा काढू नये. जुना जळाला की नवा घेताना हाच विचार करावा.

पण एक सांगतो. बचत म्हणजे अंधारात बसणे नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे यांचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते आणि वीज स्वस्त व मुबलक मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करा, अभ्यासाचा दिवा जळू द्या.

तिसरा हिशेब जळणाचा. सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा पऱ्हाट्यांची चूल पेटवली, तर तो धूर घरातल्या बाईच्या छातीत जातो. ती बचत आम्हाला मान्य नाही. त्यापेक्षा डाळ आधी भिजवावी, पातेल्यावर झाकण ठेवावे, कुकरची शिटी झाली की आच बारीक करावी. अंघोळीचे पाणी काळ्या रंगाच्या डब्यात पत्र्यावर ठेवले की ऊन ते फुकट तापवते. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी मात्र कधीही लावू नये, तिचा धूर विषारी असतो.

आणि जुने कपडे? विनयपिटकात एक कथा आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दिली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे विरली त्यांना देऊ, असे उत्तर आले. मग विरलेल्यांचे? पांघरूण. त्यानंतर गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग फडके. शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपायची. काहीच वाया नाही. आपल्या आजीची गोधडी हेच सांगत होती. जुन्या पँटची पिशवी बाजारात न्यायला लाज कसली?

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. वाचलेला पैसा वेगळा ठेवला नाही तर तो वाचलाच नाही असे समजा. पुढचे बिल आले की मागच्या बिलाशेजारी ठेवून पाहा. जेवढा फरक निघेल तेवढे पैसे त्याच दिवशी मुलीच्या नावाने पोस्टात टाका. रक्कम लहान असेल, पण दहावीच्या परीक्षेची फी भरायच्या वेळी सावकाराच्या दारात जावे लागणार नाही.