धुतलेले हात

आपल्या मराठीने हात धुण्याची मोठी बदनामी करून ठेवली आहे. सावकार हात धुऊन मागे लागतो; संधिसाधू वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो. वर्गात हे वाक्प्रचार समजावून देण्यात माझी वीस वर्षे गेली. पण हात धुण्याचा खरा अर्थ मला शिकवला तो कॉलेजची पायरीही न चढलेल्या एका मावशींनी.

माझी आई दोन वर्षांपासून एका शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळून आहे. तिथे सहा खाटांमागे एक मावशी. अंग पुसणे, भरवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, सारे त्यांच्याच हातांनी. पहिल्याच दिवशी मी पाहिले, आईला हात लावण्याआधी मावशींनी भिंतीवरच्या बाटलीतला द्राव घेऊन हात चोळले. कूस बदलून झाल्यावर पुन्हा चोळले. मला ते झोंबले. कोणी शिवले की आमची आजी सोवळे बदलायची, ते आठवले. आता माझ्या आईचाच विटाळ होऊ लागला की काय?

न राहवून मी विचारले, “मावशी, आमच्या आईची एवढी किळस वाटते का हो?”

त्या हसल्या. “सर, अगोदर धुते ते तुमच्या आईसाठी, नि मागून धुते ते शेजारच्या आजींसाठी. किळस वाटती तर हे काम धरलं असतं का?”

मी खजील झालो. मग घरी येऊन थोडे वाचले. १८४७ साली व्हिएन्नातल्या सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने शवविच्छेदन करून बाळंतिणींकडे जाणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी मोठमोठ्या विद्वानांना ते मानवले नाही. आपल्या हातांनी कोणी मरत असेल, हे कबूल करणे जड जाते!

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितलेले नियम मावशींना तोंडपाठ आहेत. द्राव चोळायचा तर २० ते ३० सेकंद, साबणपाण्याने धुवायचे तर ४० ते ६०. जुलाबाचे काही जंतू द्रावाला दाद देत नाहीत. तिथे साबणच हवा. हातमोजे घातले म्हणून धुणे चुकत नाही, आणि एका खाटेचे मोजे दुसऱ्या खाटेपाशी न्यायचे नाहीत. दर दोन तासांनी सहाजणींची कूस बदलायची, म्हणजे आठ तासांच्या पाळीत तेवढ्यासाठीच २४ वेळा जवळ जायचे. त्यांच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या आहेत, त्या उगीच नव्हेत.

एवढे कळूनही गेल्या हिवाळ्यात मी चुकलो. नाक गळत असताना लोकलमधून उतरून तडक आईपाशी गेलो. तिच्या गालावरून हात फिरवला. शेजारच्या आजींनी हाक मारली, त्यांचाही हात हाती घेतला. चार दिवसांनी दोघींना खोकला लागला. आई उठली. शेजारच्या आजींना न्यूमोनिया झाला, इस्पितळात नेले. त्या परत आल्या नाहीत.

तो जंतू माझ्याच हातून गेला, असे कोणी म्हणाले नाही. कोणाला सांगताही यायचे नाही. पण तो माझा नव्हता, असे तरी मी कुठल्या तोंडाने म्हणू? मावशी मला काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला दाराशीच त्यांनी बाटलीकडे बोट दाखवले. “सर, आधी हात. नि सर्दी असली तर नुसता फोन करा.”

परवा दिवाळीचा फराळ आणि मावशींसाठी भेगांवरचे मलम घेऊन गेलो. बेसिनपाशी उभा राहून मनात चाळीस आकडे मोजले, हात पुसले, आणि आईचा हात हातात घेतला.

“किती गार हात रे तुझा!” आई म्हणाली, पण तिने तो सोडला नाही.