लाल भोपळ्याच्या गावची लाल वाइन

लाल भोपळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर घारगे येतात, नाहीतर मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी. उत्तर इटलीतल्या मांतोव्हा शहरात मात्र हाच भोपळा नाताळच्या आदल्या रात्री पानात मानाची जागा पटकावतो. त्याच्याबरोबर कोणती वाइन घ्यायची, हेही तिथे घरोघरी ठरलेले आहे.

व्हेरोनाहून साधारण चाळीस किलोमीटरवर, मिंचो नदीच्या तळ्यांनी तीन बाजूंनी वेढलेले हे टुमदार शहर! गोंझागा घराण्याने १३२८ पासून जवळजवळ चारशे वर्षे इथे राज्य केले. त्यांच्या राजवाड्यातली चित्रकार मांतेन्याने रंगवलेली खोली आवर्जून पाहावी अशी. २००८ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा मान दिला.

हिंडून पोटात कावळे ओरडू लागले, की एखाद्या साध्या खाणावळीत शिरून 'तोर्तेल्ली दी झुक्का' मागवावी. अंडी घालून मळलेल्या कणकेची पातळ पारी आणि आत सारण. शिजवलेला भोपळा, किसलेले चीज, जायफळ, बदामी चवीच्या कडसर बिस्किटांचा चुरा आणि 'मोस्तार्दा', म्हणजे मोहरीचा झणका दिलेला फळांचा मुरांबा. वर वितळलेले लोणी आणि सेज नावाची सुगंधी पाने. नाताळच्या आदल्या दिवशी तिथे मांस वर्ज्य असते, म्हणून या पदार्थाला एवढे महत्त्व. आपल्या शाकाहारी मंडळींनी मात्र ध्यानात ठेवावे, की पारीत अंडे असते आणि तिथले पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते.

आता वाइन. पाहुणा बहुधा यादीतली सर्वांत महाग, जड लाल वाइन निवडतो आणि फसतो! गोड घासानंतर अशी वाइन तुरट आणि कडवट लागते. भोपळ्याची नाजूक चवही तिच्याखाली दबून जाते. मांतोव्हाचे लोक घेतात आपल्याच शिवारातली लांब्रुस्को. लाल, फेसाळ, आंबटसर आणि किंचित गार केलेली. तिचा आंबटपणा लोण्याचा चिकटा धुऊन काढतो, बुडबुडे जीभ मोकळी करतात आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. बाटलीवर 'सेक्को' लिहिले असेल तर ती कोरडी, म्हणजे गोडी नसलेली. 'अमाबिले' असेल तर गोडसर. सेक्को आंबट वाटली, तर खुशाल अमाबिले मागावी. तिथले जुने खवय्ये तर गरम सूपमध्येसुद्धा लांब्रुस्को ओतून पितात!

हाच हिशेब आपल्याकडेही लागू पडतो. नाशिकच्या वाइनरीत गेलात आणि घरी भोपळ्याची गूळ घातलेली भाजी होणार असेल, तर जड लाल वाइनपेक्षा शेनिन ब्लाँ ही हलकी, किंचित गोडसर पांढरी वाइन बरी. भाजी तिखट असेल, तर ती गोडी तिखटालाही सांभाळून घेते. ज्यांच्या घरी वाइन चालत नाही, त्यांनी गार कोकम सरबतात थोडा सोडा घालावा. आंबटपणा आला, बुडबुडे आले. लहान मुलांनाही चालेल आणि आजीचीही हरकत नसेल.