सुटीतला धंदा

शेलूहून दादरला नाटकाला जायचे म्हणजे कर्जत लोकलची वेळ, डबा आणि मुलांच्या भुका या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. २०१८ साली 'अलबत्या गलबत्या' पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा आमच्या घराने ही मोहीम पार पाडली. मुले चेटकिणीवर बेहद्द खूश! मला मात्र राहून राहून एका आईचे नवल वाटत होते.

नाटककार रत्नाकर मतकरी आणि त्यांच्या पत्नी प्रतिभा यांनी १९६२ साली 'बालनाट्य' ही संस्था काढली. पुढे सुप्रिया आणि गणेश ही त्यांची मुले याच व्यापात वाढली. या धंद्याची गंमत पाहा. त्याचा हंगाम दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत. नेमकी तेव्हाच स्वतःची पोरेही घरी! तिकीट स्वस्त ठेवावे लागते, पण राक्षसाच्या झग्याला कापड काही कमी लागत नाही.

वर्गात मी नाटककार शिकवतो. हा हिशेब कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. यंदा मुलांना नाटकाला न्याल, तेव्हा टाळ्या जरा जास्त वाजवा. पडद्यामागे एखादी आई असेल, आणि तिची मुले विंगेत पेंगत बसलेली असतील.