नव्या वाड्यावर

'मॅस्टोडॉन' हे समाजमाध्यम जर्मनीत ऑयगेन रोचको यांनी २०१६ साली सुरू केले. हत्तीसारख्या एका नामशेष प्राण्याचे नाव नवजात अर्भकास का ठेवावे, हे आम्हांस उलगडलेले नाही! त्याला एक मालक नाही. गावोगावच्या देवस्थानांचे महाजन जसे निराळे, तसा येथे प्रत्येक सर्व्हरचा चालक निराळा, नियम निराळे. तरी पेडण्याच्या माणसाने शिरगावच्या लईराईच्या जत्रेस जावे, तसे एका सर्व्हरवरचे लोक दुसऱ्यावरच्यांशी बोलू शकतात.

२०२२ साली ट्विटरची मालकी बदलली आणि पुष्कळांनी इकडे बिऱ्हाड हलविले. आम्हीही हलविले. डिचोलीची आमची मावसबहीण दुसऱ्या सर्व्हरवर होती. तिने मये तळ्याचे छायाचित्र टाकले, तर त्याखालची उत्तरे आम्हांस अर्धीच दिसत. मराठी शब्द घालून शोधावे, तर हाती काही लागत नसे. मजकुराचा शोध २०२३ मध्ये आला, तोही लिहिणाऱ्याची संमती असेल तरच. आमचा सर्व्हर चालविणारे गृहस्थ पदरमोड करीत होते. वर्षभराने त्यांनी तो बंद केला. अनुयायी आमच्यासवे नव्या जागी आले, लिहिलेले सारे मागे राहिले. मनस्वी चीड आली. पण रागवावे कोणावर? अडचण कळविली की हेच गृहस्थ आपली नोकरी सांभाळून, रात्री जागून, स्वतः उत्तर लिहीत.

बहीण केव्हाच परत गेली. "तिथं मराठी बोलणारी चार माणसं तरी आहेत का?" असे ती विचारते. गेल्या रविवारी आम्ही मोजली. अकरा होती.