परतीचा करंट

जुनी गाडी कायमची बंद पडली तर फारशी चिंता नसते. ओढून गॅरेजात नेली, उघडली, बिघाड समोर दिसला, पार्ट बदलला, विषय संपला. जीव टांगणीला लागतो तो अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीमुळे. कार्ले खिंडीच्या चढावर ती निमूट थांबते. मागे एसटी हॉर्न देत राहते. आपण बॉनेट उघडून उभे राहतो, थोड्या वेळानं किल्ली फिरवतो आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं, मघाशी काही झालंच नव्हतं असं. गॅरेजच्या दारात तर ती कधीच बंद पडत नाही. जुने डॉक्टर हिवतापाचं रक्त ताप चढलेला असतानाच काढून घ्यायचे. या बिघाडाचंही तसंच आहे. तो हजर असताना धरला तरच सापडतो.

आमची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, फियाट ११०० च्या कुळातली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला, कारण तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. खासगी पद्मिन्या मात्र नोंदणीचं नूतनीकरण करत अजून चालवता येतात. अलिबागला समुद्राच्या इतक्या जवळ अशी गाडी सांभाळायची म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी बारमाही झुंज. तरी मला ती हवी आहे. तिच्या पोटात काय चाललंय ते हाताला आणि कानाला कळतं, आणि असं यंत्र आता दुर्मीळ झालं आहे.

गाडी थांबली की पहिला संशय पेट्रोलवर जातो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच लागून असतो. उन्हाळ्यात चढावर गाडी रेंगाळली की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच ढकलत राहतो आणि कार्बोरेटरपर्यंत थेंबही पोचत नाही. त्यावरचा टॅक्सीवाल्यांचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: पंपावर ओलं फडकं. पण आमची गाडी श्रावणातल्या सरींत थांबायची, रात्रीच्या गारव्यातही थांबायची. फडक्याचा काही उपयोग नव्हता.

आमच्या वायरिंगवाल्या काकांनी गाडीला हात लावायच्या आधी एकच गोष्ट विचारली. "ताई, ती जाते कशी? आचके देत, की एकदम?"

"एकदम. कुणी किल्ली बंद करावी तशी."

"मग पेट्रोलचा नाद सोडा. करंट जातोय."

हा प्रश्न मला आजही फार मोलाचा वाटतो. पेट्रोल कमी पडलं तर कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं थोडं थोडं संपत जातं. गाडी अडखळते, आचके देते, पुन्हा थोडं धावते आणि मग थांबते. ठिणगी गेली तर असं काही होत नाही. आवाज तिथल्या तिथे कापला जातो. म्हणजे निम्मी तपासणी चालवणाऱ्याच्या कानानं आधीच केलेली असते. फक्त कुणीतरी त्याला ती विचारायला हवी.

मग काकांनी डिस्ट्रिब्यूटर उघडला. गॅरेजात त्याला सगळे डेल्को म्हणतात. आत टंगस्टनच्या दोन बारीक चकत्या, म्हणजे पॉइंट, समोरासमोर, मधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. त्या चिकटल्या की कॉइलमध्ये करंट भरतो आणि उघडल्या की बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगवर ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर या चकत्या सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. मी भिंगातून पाहिलं. एका चकतीवर इवलासा खड्डा होता आणि समोरच्या चकतीवर तेवढीच टेकडी. एकीचा धातू कणाकणानं दुसरीवर जाऊन बसला होता. इतकी वर्षं आम्ही गप्पा मारत, गाणी लावत गेलो त्या सगळ्या रस्त्यांचा हिशेब त्या खड्ड्यात होता. मला हात आखडून घ्यावासा वाटला.

काकांनी पॉइंट घासले, फट लावली. कॉइल आणि कंडेन्सर तापल्यावर दगा देतात, गार झाल्यावर पुन्हा शहाणे होतात, म्हणून दोन्ही तापवून तपासले. ठीक निघाले. "बदलूनच टाकूया का?" मी विचारलं. काका नाही म्हणाले. एकदम चार पार्ट बदलले आणि गाडी बरी झाली, तर कशानं बरी झाली ते कळत नाही, आणि पुन्हा थांबली तर आपण होतो तिथेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नेम. याबाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. अंदाजानं पार्ट बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

गाडी तरीही थांबतच राहिली. पुढचा सुगावा मागच्या दिव्यांनी दिला. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावायचा. काकांनी मला सेल्फ मारायला सांगितलं आणि स्वतः चोकच्या केबलवर बोट ठेवलं. केबल कोमट झाली होती. "करंटला घरी जायला रस्ता नाही," ते म्हणाले, "म्हणून तो दुसऱ्याच्या दारातून जातोय."

घरातल्या दिव्याला दोन वायरी असतात. मोटारीत बहुतेक ठिकाणी एकच. बॅटरीतून करंट त्या वायरीनं निघतो, दिवा लावतो, सेल्फ फिरवतो आणि परततो तो गाडीच्या पत्र्यातून. अख्खी बॉडी हीच दुसरी वायर. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे पत्र्यापासून तुटलेलं. दोघांना जोडते ती तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी, अर्थची. ती सुटली की करंट मिळेल त्या वाटेनं परतू पाहतो, चोकच्या केबलमधूनही.

काकांनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं. मी सेल्फ मारला. आकडा शून्याजवळ राहायला हवा होता, तो एका व्होल्टच्या वर गेला. १०० अँपिअर ओढणाऱ्या सेल्फच्या वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तरी एक पूर्ण व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. मग त्यांनी जंपर केबलनं बॅटरीची निगेटिव्ह थेट इंजिनला जोडली. सेल्फ जोरात फिरला.

पट्टी वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट काढल्यावर तिच्या लगखाली हिरवी भुकटी निघाली आणि पलीकडच्या निम्म्या तारा तुटलेल्या. चढावर जोर लागला की इंजिन रबरावर एका अंगाला कलायचं, पट्टी संपर्क सोडायची आणि ठिणगी जायची. थांबल्यावर इंजिन सरळ व्हायचं, पट्टी पुन्हा टेकायची. आमच्या नजरेसमोर गाडी नेहमी निर्दोष असायची ती यामुळे.

त्या दिवसापासून गंजाकडे मी निराळ्या नजरेनं पाहते. पूर्वी वाटायचं, गंज म्हणजे जुन्या गाडीचं रूप बिघडणं. पण पत्रा हीच वायर असेल तर गंज हा वायरिंगचाच दोष आहे. रंगाचंही तेच. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या देखण्या गाडीचे दिवे मिणमिणतात, कारण अर्थच्या बोल्टखालीही कुणीतरी मनापासून रंग मारलेला असतो आणि रंगातून करंट जात नाही. बिघाड झाला की सगळे करंट जातो कुठे ते शोधतात. तो परत येतो कसा, हे फार थोडे लोक पाहतात.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, पद्मिनी, जीप, मारुती, काहीही, तर मे महिन्यात पावसाआधी अर्थच्या पट्ट्या काढून पाहा. बॅटरीपासून बॉडीला, बॉडीपासून इंजिनला आणि मागच्या दिव्यांच्या होल्डरला. बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, तारा तुटलेल्या असतील तर पट्टी नवी टाका, बोल्ट घट्ट आवळा आणि मगच वरून ग्रीस लावा. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह सगळ्यात आधी सोडवा आणि ती सगळ्यात शेवटी जोडा.